पुढील सर्व्हिसपूर्वी

रायपुरास आंतरराष्ट्रीय दर्जाची बॅडमिंटन स्पर्धा यावयाची आहे, ही वार्ता परवा मंडळात कानी पडली आणि बैठकीचा रंग पालटला. २०२२ च्या सप्टेंबरात या शहराने अशी एक स्पर्धा पाहिली होती. तेव्हा ज्यांना तिकडे फिरकता आले नव्हते, ते आता आधीपासूनच रजेचा हिशेब करू लागले; आणि ज्यांनी ती पाहिली होती, त्यांनी आपण काय काय पाहिले ते सांगावयास प्रारंभ केला. दुर्ग येथील आकर्षी कश्यप या खेळात देशाचे प्रतिनिधित्व करते, याचा अभिमान येथील मंडळींना आहेच. आम्हां मराठी माणसांचा अभिमान थोडा जुना आणि म्हणून थोडा आढ्यताखोर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज लष्करी अधिकारी हा खेळ पुण्याच्या छावणीत खेळत, तेव्हा त्यास 'पूना' हेच नाव होते. पुढे ग्लॉस्टरशायरमधील एका उमरावाच्या वाड्याचे नाव त्यास चिकटले, नाहीतर आज साऱ्या जगाने पुण्याच्या नावाने खेळ मांडला असता, असे आमच्यातील एका पुणेकर गृहस्थांनी सांगितले. रायपुरात राहून पुण्याचा एवढा अभिमान बाळगता येतो, ही बदलीच्या नोकरीची एक कृपाच म्हणावयाची.

या बैठकीत एका तरुण अधिकाऱ्याने सहज एक प्रश्न विचारला. तो असा : फूल आपल्या रॅकेटच्या कडेस निसटते लागून मैदानाबाहेर पडले, पंचाला ते दिसले नाही, प्रतिस्पर्ध्याला ऐकू आले नाही, आणि पंचाने गुण आपल्यास दिला. अशा वेळी खेळाडूने काय करावे? बोलावे की गप्प राहावे?

प्रश्न ऐकताच मंडळींत दोन तट पडले. आम्ही मात्र त्या सायंकाळी काहीच बोललो नाही. न बोलण्याचे कारण या लेखात पुढे येईल. मौनाविषयी लिहावयास बसलेल्या माणसाने स्वतःच्या मौनाचा हिशेब आधी द्यावा हे उचित. परंतु प्रथम प्रश्नाची नीट मांडणी करू.

बॅडमिंटनच्या नियमांप्रमाणे फूल खेळाडूच्या अंगास किंवा वस्त्रास लागले, अथवा रॅकेटला स्पर्शून प्रतिस्पर्ध्याच्या मैदानाकडे न जाता भलतीकडे गेले, तर तो दोष होय. त्या स्पर्शाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. फूल म्हणजे सोळा पिसांची एक वस्तू. वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. ते शर्टाच्या बाहीला चाटून गेले तर त्याचा आवाज होत नाही, डाग पडत नाही. खुर्चीवरील पंचाला ते दिसेलच असे नाही. मोठ्या स्पर्धांतून अलीकडे रेषेवरील निर्णय तपासण्यासाठी यंत्राची योजना झाली आहे. परंतु ते यंत्र फूल रेषेच्या आत पडले की बाहेर एवढेच सांगते, आणि लहान स्पर्धांतून तेही प्रत्येक मैदानावर असतेच असे नाही. बाहीला झालेला स्पर्श जाणणारे एकच ठिकाण असते. ते म्हणजे ज्याची बाही, तो मनुष्य.

यावर गप्प राहण्याच्या बाजूने जे सांगितले जाते, ते पोकळ नाही. प्रतिपक्ष दुबळा करून त्यास जिंकणे हे चर्चेतील लबाडीचेच एक रूप असल्याने, तो शक्य तितक्या बळाने मांडण्याचा आम्ही प्रयत्न करतो.

पहिले म्हणणे कामाच्या वाटणीचे आहे. खेळाडूने खेळावे, पंचाने न्याय करावा. खेळाडू जर स्वतःच पंच होऊ लागला, तर पंचाच्या खुर्चीचा अर्थ काय उरला? पंचाच्या चुका दोन्ही बाजूंना होतात, दीर्घ हिशेबात त्या बरोबर होतात. आज एक गुण फुकट मिळाला, उद्या एक फुकट जाईल. शासकीय सेवेतील आम्हां सर्वांना हा युक्तिवाद अंतर्बाह्य परिचित आहे. टिपणी खालून वर जाते, प्रत्येक पायरीवर स्वाक्षरी होते, आणि जी पायरी निर्णयाची, तिची जबाबदारी निर्णयाची. आपण आपल्या पायरीपुरते पाहावे.

दुसरे म्हणणे अधिक कोमल आहे, म्हणून अधिक बलवान आहे. खेळाडू एकटा नसतो. दुहेरीत त्याच्या बाजूस जोडीदार असतो. पाठीशी आईबाप असतात, ज्यांनी पहाटे चारला उठून मुलाला सरावास नेले आणि प्रसंगी दागिने मोडून प्रवासखर्च केला. रायपुरातील स्पर्धेच्या श्रेणीत विजेत्याला जागतिक क्रमवारीचे चार हजार गुण मिळतात. सर्वांत वरच्या दर्जाच्या स्पर्धेत विजेत्याला त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे येथे येणारी मुले शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर उभी असतात, आणि तेथे एक पायरी चुकली तर वर्ष वाया जाते. वरच्या पायरीवरच्या कीर्तिमंताला प्रामाणिकपणा परवडतो; खालच्याला तो फार महाग पडतो. दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

तिसरे म्हणणे नेहमीचेच, परंतु नेहमीचे म्हणून खोटे नव्हे. दुसरे सांगत नाहीत, मग मीच का सांगावे? सर्व जण वाकडे चालत असता एकट्याने सरळ चालणे म्हणजे वाकड्यांना बक्षीस देणे होय.

या तिन्ही म्हणण्यांना एकाच वाक्यात उडवून लावणारे नीतिमान लोक आम्ही पाहिले आहेत. बहुधा त्यांच्या रॅकेटला कधी फूल लागलेले नसते.

आमच्या मते विचाराची सुरुवात अशी करावी की, खेळाडूला जे जे ठाऊक असते ते सर्व एकाच जातीचे नसते. फूल मागील रेषेवर पडले की बाहेर, हे धावत्या खेळाडूपेक्षा रेषेच्या टोकाशी बसलेल्या रेषापंचाला अधिक चांगले दिसते. तेथे खेळाडूने आपले मत बाजूस ठेवून पंचाचा निर्णय मानावा, यात कोणतीही लबाडी नाही. उलट तेच सभ्यपणाचे. आपल्याला दिसले ते खरेच असे समजून प्रत्येक निर्णय फिरवू पाहणारा, मग तो स्वतःच्या विरुद्ध का फिरवीना, अहंकारीच म्हटला पाहिजे. परंतु बाहीला झालेला स्पर्श ही निराळी गोष्ट आहे. तेथे पंचाला कमी दिसते असे नव्हे. त्याला तेथे काही दिसणेच शक्य नसते. त्या घटनेचा साक्षीदार एकच आहे आणि तोच पक्षकारही आहे. जेथे इतरांना आपल्याइतके किंवा आपल्याहून अधिक कळते, तेथील आपले मौन केवळ मौन असते. जेथे आपल्याशिवाय कोणालाच कळणे शक्य नाही, तेथील आपले मौन ही साक्ष ठरते. आणि ती साक्ष खोटी असते.

कामाच्या वाटणीचा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो. पंच निर्णय देतो तो मिळालेल्या माहितीवर. माहिती देणाऱ्यानेच ती दडविली, तर निर्णय पंचाचा राहत नाही; तो दडविणाऱ्याचा होतो, फक्त आवाज पंचाचा असतो. आपल्या कचेऱ्यांतूनही वरिष्ठाची स्वाक्षरी झाली म्हणून टिपणी लिहिणारा सुटत नाही, जर टिपणीत न लिहिलेली एक ओळ फक्त त्यालाच ठाऊक असेल.

रेषापंचांविषयी एक गोष्ट आम्हांस नेहमी लोभस वाटत आली आहे. फूल बाहेर पडले तर ते दोन्ही हात आडवे पसरतात. आत पडले तर उजव्या हाताने रेषा दाखवितात. आणि आड कोणी आल्यामुळे दिसलेच नाही, तर दोन्ही हातांनी आपले डोळे झाकतात. 'मला दिसले नाही' हे भर सभेत, शेकडो लोकांदेखत सांगण्याची ही अधिकृत खूण आहे. मग पंचाला दिसले असेल तर तो निर्णय देतो. त्यालाही दिसले नसेल तर तो डाव पुन्हा खेळला जातो. आमच्या सबंध सेवेत अशी खूण असलेले एकही कार्यालय आम्हांस आढळले नाही. आम्हांस सर्व काही दिसते असे गृहीत धरूनच खुर्च्या दिलेल्या असतात.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा स्पर्शाकरिता हा केवढा ऊहापोह! त्यास उत्तर म्हणून आम्ही व्यासांकडे बोट दाखवू. शकुंतलेची कथा बहुतेकांना कालिदासामुळे ठाऊक असते. कालिदास हा दयाळू कवी. त्याने राजाला दुर्वासाच्या शापाचा आडोसा दिला. राजा विसरला, मग त्याचा दोष काय? परंतु महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला असा आडोसा नाही. शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत येते, तेव्हा त्याला सर्व आठवत असते आणि आठवत असूनच तो नाकारतो. वनातील त्या विवाहाला दुसरा साक्षीदार नव्हता. शकुंतला त्याला सांगते की, तू स्वतःस एकटा समजतोस, पण अंतरात वसणारा तो पुरातन जाणता पुरुष तुला पाहतो आहे. राजा तरीही वळत नाही. अखेरीस आकाशवाणी होते आणि मगच तो पत्नीचा व पुत्राचा स्वीकार करतो. आणि सभेला कारण सांगतो की, मला हे ठाऊक होतेच, पण केवळ हिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती.

हे कारण सुबुद्ध आहे, कोणत्याही सचिवालयात ते मान्य होईल. तरीही वाचताना मनाला खटका बसतो. कारण आकाशवाणी झाली नसती तर? एका स्त्रीचे आयुष्य आणि एका मुलाचे नाव ज्या एका माणसाच्या शब्दावर टांगले होते, त्याने तो शब्द आकाशावर सोपविला. हल्लीचा खेळाडू यंत्राकडे पाहतो तेव्हा तोही आकाशवाणीचीच वाट पाहत असतो. यंत्राने दोष दाखविला तर मान्य. न दाखविला तर दोष घडलाच नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने अदृश्य करणाऱ्या अंगठीची कथा सांगून हाच प्रश्न विचारला होता : कोणी पाहत नाही अशी खात्री असता न्यायाने वागण्याचे कारण काय उरते? व्यासांचे उत्तर असे दिसते की, कोणी पाहत नाही अशी स्थितीच मुळी नसते. निदान एक जण पाहतोच, आणि त्याच्याबरोबर उर्वरित आयुष्य काढावयाचे असते.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण बॅडमिंटनच्याच इतिहासात घडले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीत आधी गटवार सामने, मग बाद फेरी, अशी रचना प्रथमच करण्यात आली. पुढील फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून काही जोड्यांनी गटातील सामने हरण्याचा प्रयत्न केला. दोन्ही बाजू हरू पाहत असल्याने सर्व्हिस जाळ्यात मारली जाऊ लागली. प्रेक्षक ओरडू लागले. पंचाने तंबी दिली. अखेर चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन, अशा चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. तेव्हा त्यांच्या बाजूनेही बोलणारे होते, आणि त्यांचे म्हणणे असे होते की, फूल जाळ्यात मारू नये असा नियम कोठे आहे? रचनाच अशी केली की हरण्यात लाभ, मग खेळाडूंनी लाभ पाहिला तर त्यांचे काय चुकले? परंतु जिंकण्यासाठी पूर्ण प्रयत्न न करणे हा आचारसंहितेप्रमाणे अपराध होता, आणि त्याच कलमाखाली शिक्षा झाली.

ही दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. लंडनमध्ये सर्वांना सर्व दिसत होते; बाहीच्या स्पर्शात कोणालाच काही दिसत नाही. तरीही दोन्ही ठिकाणी मोडते ते एकच. खेळाला प्रारंभ होण्यापूर्वी दोन माणसांनी एकमेकांना न बोलता दिलेले एक वचन असते : मी तुझ्याशी खरोखर खेळेन, आणि जिंकलो तर खेळून जिंकेन. नियमांचे पुस्तक हे त्या वचनाचे टिपण आहे. टिपणात एखादी गोष्ट राहिली म्हणून वचन सुटत नाही. आणि दुसऱ्या आक्षेपाचे, म्हणजे आईबापांच्या दागिन्यांचे, उत्तरही येथेच मिळते. समोरच्या मुलाच्या आईनेही काहीतरी मोडलेले असते. आपल्या माणसांविषयीचे कर्तव्य त्यांच्यासाठी घाम गाळण्याचे आहे. परक्या आईच्या पुरचुंडीतून काढून त्यांना देण्याचे नव्हे. तिसऱ्या आक्षेपाला मात्र आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. सरळ चालणाऱ्याचे नुकसान होते, हे खरेच आहे. ते होत नाही असे सांगणारी नीती मुलांच्या पुस्तकांत शोभते. वचन पाळण्याला किंमत पडते, म्हणूनच त्याला वचन म्हणतात.

आता आमचा हिशेब.

पुष्कळ वर्षांपूर्वी, या प्रदेशातीलच एका जिल्ह्याच्या गावी आम्ही नोकरीस असताना, तेथील क्लबात खात्याखात्यांचे दुहेरीचे सामने होत असत. गुण तेव्हा पंधराचे होते आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. क्लबातील खेळाची एक अलिखित नियमावली आमच्या वाचकांना सांगणे नको : मोठ्या साहेबांनी मारलेले फूल सहसा आतच पडते. त्या नियमावलीचा आम्ही मनातून तिरस्कार करीत असू. अंतिम सामन्यात समोर एक तरुण लिपिक आणि त्याचा सहकारी होता. शेवटच्या गेममध्ये बारा-बारा अशी बरोबरी, सर्व्हिस आमच्या बाजूची. त्या तरुणाने मारलेले फूल उंच येत होते. आम्ही रॅकेट उचलली, मग बाहेर जाईल असे वाटून मागे घेतली. घेता घेता कडेला सूक्ष्म स्पर्श झाला. फूल बाहेर पडले. पंचाने गुण आम्हांस दिला. तो तरुण जाळ्याशी आला आणि त्याने अत्यंत अदबीने विचारले, "साहब, लगा था क्या?"

आम्ही म्हणालो, "अंपायर ने दे दिया है."

हे वाक्य असत्य नव्हते. पंचाने गुण खरोखरच दिला होता. धर्मराजाचे द्रोणांना दिलेले उत्तरही अक्षरशः असत्य नव्हते; तरी चार अंगुळे अधांतरी चालणारा त्याचा रथ त्यानंतर जमिनीस टेकला. आमचा रथ मुळातच जमिनीवर असल्याने तसे काही घडल्याचे कोणास दिसले नाही. "जी साहब," असे म्हणून तो तरुण मागे गेला. आमच्या जोडीदाराने पुढची सर्व्हिस केली. पंधरा-बारा असा आम्ही सामना जिंकला. पितळेचा तो चषक अद्यापि आमच्या कपाटात आहे.

या आठवणीत एक गोष्ट आम्हांस नंतर पुष्कळ दिवस छळीत राहिली. ते उत्तर मराठीत देण्याची वेळ आली असती, तर आम्ही ते दिले असते काय? परभाषेत खोटे हलके वाटते. परमुलखात आपणांस लहानपणापासून ओळखणारे कोणी नसते. आळीतला म्हातारा नसतो, शाळेतले मास्तर नसतात, 'अमक्याचा मुलगा ना तू?' असे विचारणारी आत्याबाई नसते. आज येथे, तीन वर्षांनी दुसरीकडे. नागपूर ही राजधानी होती तेव्हापासून, किंबहुना भोसल्यांच्या अमदानीपासून, आपली माणसे या छत्तीसगडात अधिकारावर येत राहिली आहेत. आणि अधिकारावर आलेल्या परक्या माणसाला जे एक मोकळेपण मिळते, ते नीतीच्या दृष्टीने मोठे धोक्याचे असते. गावी आपण सज्जन असतो, पण त्यात गावाचा वाटा किती आणि आपला किती, हे बदलीच्या गावी कळते.

पुढील गोष्ट आणखी काही वर्षांनंतरची, दुसऱ्या ठिकाणची. एक कागद वेळेत पुढे गेला नाही म्हणून आमच्या हाताखालील एका कारकुनाची चौकशी लागली. तो कागद 'दोन दिवस राहू द्या' असे आम्ही त्यास तोंडी सांगितले होते. लेखी काही नव्हते. त्याने चौकशीत तसे सांगितले. पण मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितले, असे म्हणणारा प्रत्येक कारकून खोटेच बोलतो असे धरून चालण्याचा प्रघात आहे. आम्हांस कोणी विचारले नाही. विचारतील तर सांगू, असे आम्ही ठरविले. म्हणजेच आकाशवाणीची वाट पाहत बसलो. त्या काळात तो जाळ्याशी आलेला तरुण पुष्कळदा डोळ्यांपुढे येई. अखेर आम्ही स्वतःहून लिहून दिले की, विलंब आमच्या सांगण्यावरून झाला. आमच्या गोपनीय अहवालात त्याबद्दल जे यावयाचे ते आले, आणि ते योग्यच होते. परंतु आम्ही लिहून दिले तेव्हा चौकशीचा अहवाल वर गेला होता, त्याची वेतनवाढ रोखली गेली होती आणि त्याच वर्षी त्याच्या मुलीचे लग्न होते. पुढे ती वेतनवाढ त्यास मिळाली. ते वर्ष मिळाले नाही.

बॅडमिंटनच्या नियमांत एक कलम आहे. एखाद्या गुणाविषयी तक्रार करावयाची असेल, तर ती पुढील सर्व्हिस होण्यापूर्वी करावी लागते. एकदा पुढची सर्व्हिस झाली की मागचा गुण कायम. हे कलम प्रथम वाचनात आले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. खेळाच्या सोयीसाठी केलेला हा साधा नियम, पण त्यात सत्याविषयीची एक गोष्ट आली आहे जी मोठमोठ्या ग्रंथांतून आम्हांस उमगली नव्हती. सत्य बोलावे एवढे आपणांस शिकविले जाते. ते केव्हा बोलावे हे शिकविले जात नाही. वस्तुतः साक्षीला मुदत असते. मुदतीत सांगितलेले सत्य घटना दुरुस्त करते. मुदतीनंतर सांगितलेले सत्य फार तर सांगणाऱ्याला दुरुस्त करते.

तेही थोडे नव्हे, हे मात्र याच रायपुराने आम्हांस शिकविले. माधवराव सप्रे यांचे नाव येथील हिंदी साहित्यिक आदराने घेतात. आपल्यांपैकी पुष्कळांना ते मराठी घरातले होते एवढेच ठाऊक असते. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले. पुढे नागपुरातून टिळकांच्या विचारांचा 'हिंदी केसरी' चालविला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि आप्तांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी क्षमापत्रावर सही केली. ते सुटले. त्या सुटकेबद्दल त्यांना शासन करणारे न्यायालय कोणतेही नव्हते. त्यांनी ते स्वतः बसविले. ते सार्वजनिक जीवनातून बाजूस झाले, हनुमानगढ येथे माधुकरी मागून राहिले, समर्थांच्या ग्रंथात बुडाले. आणि नंतर दासबोध व टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणण्याचे जे काम त्यांनी केले, ते आजही उभे आहे. १९२६ साली रायपुरातच त्यांचा अंत झाला. केलेली सही त्यांना पुसता आली नाही. पुढची सर्व्हिस होऊन गेली होती. परंतु ज्याची जाणीव जिवंत आहे त्याला मुदतीनंतरही करण्यासारखे पुष्कळ उरते, फक्त त्याचे नाव बदलते. त्यास मग दुरुस्ती न म्हणता प्रायश्चित्त म्हणतात. आमच्यासारख्याला सप्र्यांशी आपली तुलना करण्याचा अधिकार नाही. त्यांच्या गावात राहतो, एवढाच आमचा संबंध.

मंडळातील त्या तरुण अधिकाऱ्यास आम्ही त्या सायंकाळी उत्तर दिले नाही, ते आता देतो. बोलावे. पंचाला न दिसलेले आणि केवळ तुम्हांसच कळलेले असेल तेव्हा बोलावे, आणि पुढील सर्व्हिसपूर्वी बोलावे. आपण फार मोठे काही करीत आहो असा आव न आणता, घामाने भिजलेला हात वर करून, 'लागले' एवढाच शब्द उच्चारावा आणि आपल्या जागी जाऊन उभे राहावे. गुण जाईल. कदाचित सामनाही जाईल. जोडीदार रागावेल, त्याचा राग सोसावा. तोही एक दिवस अशाच जागी उभा असेल.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळविणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळविला. आम्हां मराठी माणसांस अशा विजयांची गणती तोंडपाठ असते, आणि ती असावीही. परंतु पंचाला न दिसलेला दोष कोणी कोणी आपण होऊन सांगितला, याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. तेथे एवढेच दिसते की, अमक्याचा एक गुण कमी झाला.

स्पर्धा भरेल तेव्हा आम्ही जाणार आहो. अंतिम सामन्याला गर्दी होईल, तेव्हा पहिल्या दिवशीच जावे असा आमचा बेत आहे; बाजूच्या मैदानांवर ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशी मुले खेळत असतात तेव्हा. त्यांतील एखाद्याने हात वर केला, तर आजूबाजूच्या कोणास तो का केला हे बहुधा कळणार नाही. आम्हांस कळेल, अशी आशा आहे. वाचकांपैकी कोणी त्या दिवशी तेथे भेटले तर एकत्र बसू. तो पितळेचा चषक पाहण्याची कोणास इच्छा झालीच, तर घरी यावे. त्याची हकीकत आता लपविण्याचे कारण उरलेले नाही.